गोफ उलगडायला वेळ द्या

गोव्यात शिगमो, फुगडी आणि धालोंच्या स्पर्धा भरवणाऱ्या सर्व समित्यांना आणि त्यांच्या परीक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, एका फुगडी स्पर्धेला मी परीक्षक होते. स्पर्धेचे आणि गावाचे नाव लिहीत नाही, कारण हे पत्र कोणा एका समितीविषयी नाही. माझ्या हातात जी गुणपत्रिका दिली तिच्यावर पाच रकाने होते: वेशभूषा, एकसारखेपणा, प्रवेश आणि निर्गमन, नावीन्य, परंपरेचे जतन. प्रत्येकाला वीस गुण. पहिल्याच पथकापाशी माझे पेन अडले. नावीन्याला पंधरा दिले तर जतनाला किती द्यायचे? बाजूचे परीक्षक म्हणाले, "बाई, दोन्हीकडे पंधरा-पंधरा घाला आणि पुढे चला." मी घातले. चौदा पथकांना असेच गुण घालून मी घरी आले आणि रात्री मला झोप लागली नाही.

त्या चौदांपैकी अकरा पथकांतल्या बाया गात नव्हत्या. गाणे पेन ड्राइव्हवर होते. एका पथकाच्या वेळी ते मध्येच अडकले. बारा जणी एकमेकींचे हात धरून रंगमंचावर तशाच उभ्या राहिल्या. गाणे त्यांना पाठ नव्हते असे कसे म्हणू? महिनाभर त्यांनी त्यावरच सराव केला असणार. तरी एकीनेही तोंड उघडले नाही. निवेदकाने टाळ्या मागितल्या, टाळ्या पडल्या, ध्वनिक्षेपकावाल्याने गाणे पहिल्यापासून लावले आणि फुगडीही पहिल्यापासून सुरू झाली. मी त्यांचा एकही गुण कापला नाही. कापायला रकानाच नव्हता.

त्या रकान्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझे माहेर आणि सासर दोन्ही डिचोली तालुक्यातले. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत ३१ वर्षे शिकवले, त्यातली पहिली ९ वर्षे दक्षिण गोव्यातल्या काणकोणात. सासूबाईंना आम्ही माय म्हणायचो. आमच्या वाड्यावरच्या मांडावर, म्हणजे पौषातल्या रात्री बाया धालो खेळतात त्या सारवलेल्या जागी, पहिले नमन उचलणाऱ्या ज्या दोन-तीन बाया होत्या त्यांतली ती एक. लिहिता-वाचता तिला येत नव्हते. एकदा मी वही घेऊन बसले आणि तिची गाणी मोजू लागले, तर शंभराच्या पुढे गेल्यावर तिनेच मला थांबवले, म्हणाली, वहीत राहिली तर तोंडात राहायची नाहीत. तेव्हा मला तिचा राग आला होता. मी शिक्षिका, वहीवर माझा विश्वास. आज ती वही माझ्यापाशी आहे, आणि तिच्यातली निम्मी गाणी कोणत्या चालीवर म्हणायची हे मला सांगता येत नाही.

लोककला बदलूच नये असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. जे बदल मी डोळ्यांनी पाहिले आणि ज्यांतला एक मी स्वतः केला, ते आधी सांगते.

घुमटाचे पाहा. मातीचे भांडे, त्याला दोन तोंडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवायचे आणि लहान तोंड तळहाताने झाकत-उघडत नाद घुमवायचा. ते कातडे पिढ्यान्‌पिढ्या घोरपडीचे असायचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि घोरपड मारणे गुन्हा झाला. मग बकरीचे कातडे आले. जुने वादक हळहळले. पावसात बकरीचे कातडे सैल पडते, आणि आमची चवथ तर ऐन पावसात. विस्तवावर शेकून ते पुन्हा ताणावे लागते. नाद थोडा वेगळा लागतो हे आमच्यासारख्यांच्या कानालाही कळते. पण आरतीला घुमट, शामेळ (मातीचाच एक ढोल) आणि कासाळे (मोठी झांज) एकत्र वाजू लागले की घरातले लहान पोर आजही झोपेतून उठून येते. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. ते घोरपडीचे राहिलेले नाही, म्हणून ते घुमट नव्हे, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. घोरपडही वाचली आणि घुमटही.

चांदरला जा. कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर ती हीच. तिथले ख्रिस्ती गावकरी कार्निव्हालच्या दिवसांत मुसळे घेऊन मुसळ खेळ खेळतात. मध्ये काय काय होऊन गेले! राज्य गेले, धर्म बदलला, देवळे गेली. १७३६ साली तर इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून लग्नातल्या गाण्यांपासून दारच्या तुळशीपर्यंत ख्रिस्ती झालेल्यांच्या कितीतरी चालीरीतींवर बंदी घातली. खेळाचा सणही बदलला. तरी मुसळ जमिनीवर आपटतच राहिले, कारण आपटणाऱ्यांना ते सोडवेना.

फुगडीची गाणी तर प्रत्येक पिढीत नवी झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला ते मायच्या पिढीने फुगडीत आणले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, आमच्या भागात दारोदारी ट्रक उभे राहिले, तेव्हा शेजारच्या वयनीने चुलीपाशी बसून त्यावर फुगडी जुळवली. बँकेचा हप्ता, गंज धरलेले चाक, दिवसभर घरात बसलेला नवरा, सगळे त्यात आले. त्या चवथीला आम्ही ती घातली तेव्हा हसता हसता दोघी-तिघींचे डोळे भरले. ती फुगडी पारंपरिक का आधुनिक, असे कोणी विचारले असते तर आम्हाला प्रश्नच कळला नसता.

आणि एक बदल मायचा. आमच्या मांडावर पूर्वी विधवा बाई धालोंच्या ओळीत उभी राहत नसे. मांडाच्या कडेला बसायची आणि तिथूनच गायची. सासरे वारले त्या वर्षी मायही कडेला बसली. पुढच्या पौषात नमनाची वेळ झाली तेव्हा तीन-चार जणी उठल्या, तिच्या दंडाला धरून तिला ओळीत आणून उभी केली आणि तिच्या कमरेभोवती हात घातले. कोणी भाषण केले नाही, ठराव झाला नाही. दोन म्हाताऱ्या कुरकुरल्या आणि मग त्याही गाऊ लागल्या. त्यानंतर आमच्या वाड्यावर कोणी कडेला बसले नाही. एवढा मोठा बदल मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या रात्री मांड मला आधीपेक्षा अधिक मांड वाटला.

तेव्हा खेळ किती बदलला हे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. तो बदल कोणी केला आणि कोणासाठी केला, हे मी पाहते. मायला ओळीत आणले ते मांडावरच्या बायांनी. खाणीची फुगडी जुळवली ती फुगडी घालणारीने. घुमटाचे कातडे बदलायला कायद्याने लावले हे खरे, पण कोणते कातडे, किती जाड, कसे ताणायचे, हे वाजवणाऱ्यांनी हाताने शोधून काढले. तुमच्या रंगमंचावर होणारे बदल असे होत नाहीत. ते घड्याळ करते, ध्वनिक्षेपकाच्या पेटीपाशी बसलेला माणूस करतो आणि आम्हा परीक्षकांची गुणपत्रिका करते.

आपण भाषेतही पाहा ना. मांडावरची बाई धालो 'नाचते' असे कधी म्हणत नाही. धालो खेळायचे, फुगडी घालायची, गोफ विणायचा, मेळ काढायचा. 'नृत्य' हा शब्द कार्यक्रमपत्रिकेतून आला. खेळात असतात त्या सगळ्या खेळणाऱ्या. कडेला बसलेली म्हातारीसुद्धा गाणे उचलून धरते, म्हणजे तीही खेळात. फुगडीच्या फेरात सगळ्यांची तोंडे आत, एकमेकींकडे. धालोत दोन ओळी समोरासमोर. एका ओळीने गाणे टाकायचे, दुसरीने झेलायचे, पुढे वाकत जायचे आणि मागे सरायचे. बाई गाते ती समोरच्या बाईला. तिला वहिनीचा चेहरा दिसतो, जावेचा दिसतो, सकाळी जिच्याशी नळावर भांडण झाले तिचाही दिसतो.

रंगमंचावर हा फेर पुढून उघडतो. परीक्षकांना चेहरे दिसावेत म्हणून त्याचा अर्धा चंद्र होतो. धालोंच्या ओळी तिरक्या उभ्या राहतात, प्रेक्षकांकडे थोड्या वळलेल्या, मान मात्र पूर्ण वळलेली. ओठांवर हसू, आणि तेही बारा जणींचे एकसारखे. 'एकसारखेपणा' हा रकानाच आहे, त्यांचा काय दोष? आठ वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांची आजी एका फेरात असेल तर एकसारखेपणा येणार कुठून? म्हणून आजी गळते. मग मुलगीही गळते. वीस ते पस्तीस वयाच्या, एका उंचीच्या, एका रंगाच्या नऊवारीतल्या बारा जणी उरतात. त्या सुंदर दिसतात, मेहनतही खूप करतात, आणि त्यांच्यापैकी कोणाला गाणे शिकवायला फेरात कोणी म्हातारी नसते.

गाण्याबद्दल मला जरा जास्त बोलू द्या. फुगडीचा वेग कोण ठरवते? गाणारी. सुरुवातीला देवाचे नाव, संथ पाय. मग गाणारी हळूहळू चढवत नेते. कोणाचा तरी पदर सुटतो, कोणाला धाप लागते, तर ती एक कडवे जास्त घालते, पाय सावरायला वेळ देते. पुन्हा चढवते. शेवटी शब्द संपतात आणि नुसता 'फू' उरतो. दोघी समोरासमोर वाकून 'फू-फू' करत घुमतात तो श्वास म्हणजे फुगडीचा प्राण. महालक्ष्मीपुढे बाया घागर फुंकत फेर धरतात तेव्हाही तेच: श्वास घागरीत जातो आणि घागर बोलू लागते. तो श्वास दमलेल्या बाईचा असतो. स्टुडिओत बसून कोणी तो आधी भरून ठेवू शकत नाही. पेन ड्राइव्हवरच्या गाण्याला समोरची दमली हे दिसत नाही. ते थांबत नाही, कडवे वाढवत नाही. त्याच्यामागे धावावे लागते. ज्या बायांनी आयुष्यभर वेग ठरवला त्या आता दुसऱ्या कोणीतरी ठरवलेल्या वेगामागे धावतात, आणि तो वेग अडकला की बारा जणी हात धरून गप्प उभ्या राहतात. मी पाहिले ते हेच.

आता गोफाचे सांगते, कारण त्यात माझाही हात आहे.

काणकोणात मी नवी शिक्षिका होऊन गेले तेव्हा पहिल्या शिगम्यात, म्हणजे होळीच्या दिवसांतल्या आमच्या सणात, गोफ पाहिला. मी पाहिला तो पुरुषांचा. मांडवाच्या मधोमध वरून रंगीत दोऱ्या सोडलेल्या, एकेकाच्या हातात एकेक टोक. गाण्याच्या ठेक्यावर निम्मे एका बाजूने, निम्मे दुसऱ्या बाजूने, एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरत जातात, आणि वर डोक्यावर वेणी विणत खाली येते. मला वाटले संपले. सगळे थांबले, आणि मग उलटे फिरू लागले. ज्या पावलाने विणले त्याच पावलाने मागे, आणि वेणी सुटत सुटत वर गेली. शेवटी दोऱ्या पुन्हा मोकळ्या लोंबू लागल्या तेव्हा गाणे संपले. माझ्या शेजारी उभे असलेले एक वयस्क गावकर म्हणाले, "विणप सगळ्यांक येता बाई, सोडवप पळयात." विणणे सगळ्यांना येते, सोडवणे पाहा.

पुढे मी तो शाळेच्या मुलींना शिकवला. मुलींनी गोफ विणायचा ही तेव्हा तिथे नवीच गोष्ट होती. त्याच गावकरांना भीत भीत विचारले. ते दोन संध्याकाळी शाळेत आले आणि मुलींना पाऊल दाखवून गेले. हा बदल मी केला, आणि आजही मला तो योग्य वाटतो.

काही वर्षांनी मुलींना घेऊन मी एका स्पर्धेला गेले. नियम सहा मिनिटांचा होता. माझ्या मुलींना विणायला साधारण सात मिनिटे लागत आणि सोडवायला त्याहून थोडी जास्त. मी संयोजकांना विचारले. म्हणाले, विणून दाखवा, लोकांना तेच आवडते, शेवटी वेणी धरून एक सुंदर आकृती करा. आम्ही तसे केले. वेग वाढवला, विणले, दोऱ्या ताणून धरून मुली गुडघ्यांवर बसल्या, वरून प्रकाश पडला, टाळ्या पडल्या. दुसरा क्रमांक आला. पडदा पडल्यावर मागे काम करणारा एक मुलगा शिडी घेऊन आला. पुढचे पथक थांबले होते. त्याने वेणी वरून कात्रीने कापली आणि ती तशीच गुंडाळून माझ्या हातात दिली.

बसमध्ये एका मुलीने मला विचारले, "बाई, आज सोडवायचा नव्हता?" मी तिला वेळ नव्हता असे सांगितले. ती कापलेली वेणी बरीच वर्षे शाळेच्या कपाटात होती.

त्या सहा मिनिटांच्या नियमामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता हे मला माहीत आहे. पंचवीस पथके, एक रात्र, दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करायचा कायदा. तुमची अडचण खरी आहे. पण गोफातला निम्मा भाग कापला जातो तेव्हा उरतो तो छोटा गोफ नसतो. सोडवता यावे म्हणूनच विणताना पाऊल नेमके टाकायचे असते. सोडवायचेच नसेल तर कसेही विणा, वेणी दिसल्याशी कारण. आज बक्षीस मिळवणारी कितीतरी पथके अशीच विणतात. मी गाठी मोजल्या आहेत. त्या मुलांना कोणी सोडवायला सांगितले तर सोडवता येणार नाही, आणि पुढच्या पिढीला गोफ सोडवायचा असतो हेच ठाऊक नसेल.

धालोंविषयी मात्र मी थोडी कठोर होणार आहे, त्याबद्दल रागावू नका.

धालो मांडावर होतात. पौषाच्या थंड रात्री, शेणाने सारवलेला मांड, अनवाणी पाय. पुरुषांनी मांडावर पाऊल घालायचे नाही. पाच, सात, नऊ, ज्या मांडाच्या जितक्या रात्री ठरलेल्या तितक्या. पहिल्या रात्रीचे नमन वेगळे, शेवटच्या रात्रीची सोंगे वेगळी, मग मांड शिंपायचा. बाई तिथे ज्या मोकळेपणाने नवऱ्याची, सासूची, गावच्या मोठ्या माणसांची नक्कल करते ती घरात करू शकत नाही. त्या रात्री तिच्या असतात. हे सगळे रंगमंचावर येऊ शकत नाही आणि येऊही नये. तिथे येतात त्या दोन ओळी, काही गाणी आणि वाकण्याची लकब. तेवढे जरूर दाखवा. शहरातल्या मुलींनी ते पाहिले तर एखादी आपल्या आजीला विचारील, तुमच्याकडे मांड होता का म्हणून. फक्त निवेदकाने खरे सांगावे: हे धालोंचे रंगमंचासाठी बांधलेले दर्शन आहे, धालो मांडावर असतात आणि त्या आजही अमुक अमुक गावांत चालतात. एवढे एक वाक्य.

पण रंभा दाखवू नका. शेवटच्या रात्री आमच्याकडे काही बायांच्या अंगात रंभा येते. तुमचा त्यावर विश्वास असो वा नसो, त्या बायांचा आहे, आणि त्या क्षणी सगळा मांड तिच्यापुढे हात जोडून उभा असतो. एका स्पर्धेत मी पाहिले, एक कॉलेजची मुलगी केस मोकळे सोडून, लाल दिव्याखाली, धुराच्या यंत्रातून येणाऱ्या धुरात घुमली. सभागृहात शिट्ट्या वाजल्या. त्या पथकाला पहिले बक्षीस मिळाले आणि पुढच्या वर्षी चार पथकांत चार रंभा होत्या. माय तेव्हा हयात होती आणि माझ्या शेजारी बसली होती. तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. ज्या गोष्टीपुढे आपली माणसे हात जोडतात ती गुणांसाठी वापरायची नाही, एवढा नियम तुम्ही एका ओळीत करू शकता.

शिगम्याच्या मिरवणुकीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा येथे रोमटामेळ आणि चित्ररथ निघतात. चित्ररथ ही नवी गोष्ट आहे आणि नवी म्हणूनच ती छान आहे. रोमटामेळ तर मुळातच चालणारा. गावात तो देवळापाशी नमन घालून दारोदारी जातो, ढोल-ताशा, कासाळे, 'ओस्सय'चा गजर, यजमानीण ओवाळते, पुढचे दार. त्याला रस्ता परका नाही, उलट सभागृहापेक्षा जवळचा. आता शहरातल्या मेळांत मुली ढोल बडवतात, आणि त्यांच्या हातांतला जोर पाहून माझी छाती भरून येते. माझी तक्रार मान्यवरांच्या मंचाची आहे. मेळ दोन किलोमीटर नुसता चालतो, मंचासमोर आला की पाच मिनिटे सगळा जीव ओततो, आणि मंच मागे पडला की ढोल गळ्यात लोंबकळत पुढे जातो. रस्त्याच्या कडेला तीन तास मुलांना खांद्यावर घेऊन उभे राहिलेल्या लोकांच्या वाट्याला पाठ येते. परीक्षकांना उंच मंचावर न बसवता रस्त्याच्या कडेने, लोकांत, पाच-सहा ठिकाणी उभे करा. कुठे उभे आहेत ते मेळाला सांगू नका. मग मेळ सगळा रस्ता वाजत जाईल, गावात जातो तसा.

तुम्ही म्हणाल, बाई, मांड ओस पडले, वाड्यावर तरुण मुली राहिल्या नाहीत, नोकरीवरून सात वाजता घरी येणारी मुलगी नऊ रात्री जागणार कशी? स्पर्धा नसत्या तर उरले तेही गेले असते. हे मी नाकारत नाही. आमच्या वाड्यावरच्या कितीतरी बाया स्पर्धेच्या निमित्तानेच पहिल्यांदा एकट्या घराबाहेर पडल्या, बसने पणजीला गेल्या, बक्षिसाच्या पैशातून पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतले. एका मावशीने त्या पैशातून चष्मा केला. तुमच्या समित्यांतली माणसे पदरमोड करतात, वर्गणीसाठी उन्हातान्हात फिरतात, तेही मी पाहते. तुम्ही स्पर्धा बंद करा असे सांगायला हे पत्र नाही. तुमच्या हातात आज जेवढी सत्ता आहे तेवढी मांडावरच्या कोणा बाईच्या हातात नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही गुणपत्रिकेत जे लिहाल ते पुढच्या वर्षी तीनशे वाड्यांवर सरावात उतरेल. चार रंभा एका वर्षात आल्या, तशीच चार गाणारी पथकेही एका वर्षात येतील.

तर या वर्षीची गुणपत्रिका छापण्यापूर्वी एवढे करा. गाणे खेळणाऱ्यांच्या तोंडचे हवे आणि वाद्य समोर वाजणारे हवे, हा नियम घाला. सूर थोडा हलला तरी चालेल. नवे गाणे जुळवून आणणाऱ्या पथकाला नावीन्याचे गुण द्या, दिव्यांना आणि धुराला नको. एकसारखेपणाचा रकाना काढा आणि त्याच्या जागी फेरात किती वयांच्या बाया आहेत ते पाहा. आजी आणि नात एका फेरात असेल तर ते वीस गुण त्यांचे. फुगडी आणि धालोंच्या वेळी रंगमंच सोडून खाली पटांगणात या, परीक्षकांनी आणि लोकांनी भोवती बसावे, म्हणजे फेराला पुढची-मागची बाजूच राहणार नाही. परीक्षकांत कॉलेजच्या प्राध्यापकांबरोबर मांडावरची एखादी म्हातारी बसवा. तिला आकडे लिहिता येत नसतील तर ती सांगेल आणि बाजूचा लिहील. आणि पथके पंचवीस असतील तर बारा घ्या, उरलेली पुढच्या रविवारी, पण गोफाला मिनिटे लावू नका.

स्पर्धेचा अर्ज भरताना पथकाला विचारा की गाणे त्यांना कोणी शिकवले. त्या बाईचे किंवा बुवांचे नाव निवेदकाने मोठ्याने वाचावे. मायचे नाव कोणत्याही कार्यक्रमात कधी वाचले गेले नाही, आणि तिची गाणी आजही किमान सहा पथके गातात.

या सुट्टीत आमच्या जुन्या शाळेच्या पटांगणात मी पुन्हा गोफ शिकवते आहे. आठ ते चौदा वयाच्या सोळा मुली आहेत, दोऱ्या जुन्या साड्यांच्या फाडून वळल्या आहेत, आंब्याच्या फांदीला बांधल्या आहेत. गाणे मुलीच म्हणतात. दोघींच्या आज्या येऊन कडेला बसतात आणि चाल चुकली की तिथूनच ओरडतात. कोणत्या स्पर्धेची ही तयारी नाही. तुमच्यापैकी कोणाला यायचे असेल तर ऊन उतरल्यावर, साडेपाचच्या पुढे या. विणायला त्यांना दहा मिनिटे लागतात. सोडवायला अजून वीस-पंचवीस लागतात, कारण मध्ये कोणीतरी चुकते, मग सगळ्या थांबतात, ती एक पाऊल मागे जाते, आणि पुन्हा गाणे उचलतात.

आपली नम्र,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका